पुंगळी रिफॉर्म करताना या चुका टाळा: बोल्ट जड लागला की डाय खाली फिरवू नका

एका काडतुसाच्या पुंगळीतून (पितळी कवचातून) दुसऱ्याची पुंगळी बनवायची, म्हणजेच रिफॉर्म करायची, तर ल्यूब (वंगण) लावून डायमध्ये (साच्यात) ढकलली की झालं असं वाटतं, आणि प्रेसमधून बाहेर आलेली पुंगळी दिसतेही अगदी बरोबर, पण तिची भिंत किती जाड आहे ते बाहेरून कळत नाही आणि खरी गडबड तिथेच असते.

.२२३ मधून .३०० ब्लॅकआउट (दोन्ही रायफलची काडतुसं) बनवायचं उदाहरण घ्या. .२२३ ची पुंगळी ४४.७ मिमी लांब, ब्लॅकआउटची ३४.७, म्हणजे वरचे १० मिमी कापायचे. जुना नेक (गोळी धरणारं तोंड) गेला, जुना शोल्डर (नेकखालचा उतार) गेला, नवीन नेक तयार होतो तो जुन्या बॉडीच्या भिंतीतून, आणि ही भिंत बुडाकडे जाड होत जाते. आता हिशोब बघा, ब्लॅकआउटच्या तयार काडतुसाचा नेक जास्तीत जास्त ८.४८ मिमी, गोळी ७.८२, उरले ०.६६, म्हणजे एका बाजूला फक्त ०.३३ मिमी. भिंत याहून जाड निघाली तर बार उडताना नेकला फुलायला जागाच नाही, गोळी सुटायला अडते आणि प्रेशर एकदम चढतं. .३०-०६ आखूड करून ८×५७ बनवतानाही हेच होतं.

मी सुरुवातीला वेगवेगळ्या मेकच्या पुंगळ्या एकत्र करून एक लॉट बनवला होता, त्यातल्या काहींवर रायफलचा बोल्ट (काडतूस आत ढकलून बंद करणारा भाग) जड बंद व्हायचा, मला वाटलं शोल्डर पुरेसा मागे गेला नाही म्हणून मी डाय अजून खाली घेतली, मग अजून खाली. शोल्डर गरजेपेक्षा जास्त मागे गेला, हेडस्पेस (चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलमधल्या काडतुसाच्या जागेत, पुंगळीला उरणारी ढील) वाढला आणि मूळ दोष नेकमध्ये तसाच राहिला. सगळा लॉट टाकून दिला, आणि तेच बरोबर होतं, कारण अशा पुंगळ्या बुडाच्या थोडं वर ताणल्या जातात, तिथे चकचकीत रिंग दिसायला लागते आणि पुढे तिथूनच तुटतात.

म्हणून आधी कारण शोधा. पावडर आणि प्रायमर न घालता एक डमी बनवा. रिकामी पुंगळी चेंबरमध्ये सहज जाते पण गोळी बसवल्यावर अडते, तर बहुतेक वेळा नेक जाड आहे (गोळी खूप बाहेर राहून रायफलिंगला (बॅरलच्या आतल्या आट्यांना) टेकत नाहीये ना तेही बघा). रिकामीच अडत असेल तर शोल्डर, लांबी किंवा बॉडी बघा, मार्करने पुंगळी काळी करून चेंबर करा, शाई जिथे घासली गेली तिथे अडतंय. भिंत साध्या कॅलिपरने नको, बॉल मायक्रोमीटरने मोजा, ती पण तीन-चार ठिकाणी, कारण एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ अशा पुंगळ्या सर्रास निघतात. नेक जाड असेल तर नेक टर्निंग करा (नेक बाहेरून तासून पातळ करा) नाहीतर दुसऱ्या मेकचं ब्रास घ्या. फायर झालेल्या पुंगळीत नवीन गोळी बोटाने आत सरकली पाहिजे, नाही सरकली तर तो लोड (पावडर-गोळीचं ते प्रमाण) तिथेच थांबवा.

जाड ब्रासचा अजून एक त्रास म्हणजे आतली जागा कमी होते, मिलिटरी ब्रासमध्ये तर बऱ्याचदा, त्यामुळे आधीचा लोड जसाच्या तसा वापरू नका, मॅन्युअलच्या स्टार्टिंग लोडपासून परत वर या.

अ‍ॅनिलिंग (पितळ तापवून मऊ करणं) फक्त नेक आणि शोल्डरचं. नेकला काही सेकंद साधारण ४०० अंश सेल्सिअस पुरतं, बुडाकडे २५० च्या वर उष्णता जाता कामा नये, बूड मऊ पडलं तर ती पुंगळी चिरडून भंगारात टाका कारण ते परत कडक करता येत नाही. आणि पाण्यात टाकल्याने पितळ स्टीलसारखं कडक होत नाही, पाणी फक्त उष्णता खाली जायची थांबवतं.

ल्यूब जास्त झालं तर शोल्डरवर खळगे पडतात, कमी झालं तर पुंगळी डायमध्ये अडकते. अचूक लांबीचं ट्रिम (कापणं) रिफॉर्म झाल्यावर शेवटी करा, .३०८ मधून .२४३ बनवताना तर .३०८ ची पुंगळी ५१.१८ मिमी आणि .२४३ ची ५१.९४, म्हणजे ती मुळातच आखूड, आधीच कापली तर अजून आखूड राहते.

आणि हेडस्टँप, म्हणजे बुडावरचा छाप. पुंगळी ब्लॅकआउटची झाली तरी बुडावर .२२३ च लिहिलेलं राहतं, दोन्ही एकाच मॅगझिनमध्ये बसतात, आणि ब्लॅकआउटचं काडतूस चुकून .२२३ च्या रायफलमध्ये चेंबर झालं तर ७.८२ मिमीची गोळी ५.७ मिमीच्या बॅरलमध्ये जायला बघते, रायफली फुटल्यात यामुळे. तेव्हा रिफॉर्म झाली की लगेच बुडावर पक्क्या शाईने खूण करा, डबा वेगळा ठेवा, मॅगझिनवर रंगीत पट्टी लावा आणि ही दोन कॅलिबर एकाच वेळी टेबलावर काढू नका.