घरातील माजी सैनिकाचा सन्मान कुटुंबाने मिळून कसा करावा

साताऱ्याजवळचे अपशिंगे आणि कोल्हापूर जिल्ह्यातील सैनिक टाकळी ही गावे पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात मुले पाठवण्यासाठी ओळखली जातात. पण एक-दोन घरांतून कोणी ना कोणी मिलिटरीत गेलेले नाही, असे गाव महाराष्ट्रात एरवीही क्वचितच सापडेल. या माणसांचा सत्कार बहुधा १५ ऑगस्टला किंवा २६ जानेवारीला शाल-श्रीफळ देऊन होतो. त्यात वावगे काहीच नाही. मात्र ज्यांच्या खांद्यावर शाल घातली, त्यांची पलटण कोणती आणि ते कोणत्या भागात राहिले, हे घरातल्या नातवंडांनाही सांगता येत नसेल, तर त्या सन्मानात मोठी उणीव राहते. सन्मानाची सुरुवात त्या माणसाची नोकरी नीट समजून घेण्यापासून होते, असे माझे ठाम मत आहे, आणि हे काम घरच्यांइतके चांगले कोणीही करू शकत नाही.

पहिली पायरी : आधी त्यांना विचारावे

कोणताही बेत आखण्यापूर्वी आजोबांना, काकांना किंवा आत्यांना त्यांची इच्छा विचारावी. काहींना चारचौघांत बोलायला आवडते. काहींना युद्धाचा विषय निघाला की गमावलेला सोबती आठवतो आणि ते उठून जातात. नकार आला तर तो मान्य करावा, आणि पुढे कधी त्यांनी आपण होऊन विषय काढला तर हातातले काम बाजूला ठेवून ऐकावे. समारंभ ठरलाच, तर कोणाला बोलवायचे आणि पदके लावायची की नाहीत, हे त्यांनीच ठरवावे.

दुसरी पायरी : डिस्चार्ज बुक एकत्र वाचावे

डिस्चार्ज बुक म्हणजे सैन्यातून निवृत्त होताना मिळणारे सेवेच्या नोंदींचे पुस्तक. बहुतेक घरांत ते काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत किंवा कपाटाच्या वरच्या खणात असते. भरतीची तारीख, रेजिमेंट, हुद्दा, ट्रेड (म्हणजे कामाचा प्रकार), मिळालेली पदके आणि निवृत्तीची तारीख त्यात नोंदलेली असते. मुलांनी एका वहीत या नोंदी उतरवून घ्याव्यात आणि नकाशावर त्यांच्या पोस्टिंगची ठिकाणे शोधावीत. ते फिल्डवर (सीमेवरच्या किंवा संघर्षाच्या भागात) असताना कुटुंब गावी राहिले की पीस पोस्टिंगला (शांत भागातील नेमणुकीला) सोबत गेले, हेही त्यांना विचारून लिहावे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला, बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला आणि महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला आहे; प्रशिक्षणाच्या आठवणी बहुधा याच नावांपासून सुरू होतात.

स्वयंपाकी, वाहनचालक, सिग्नलमन, नर्सिंग असिस्टंट किंवा कारकून म्हणून नोकरी केलेल्यांची घरात कधी कधी कमी गणना होते, ती होऊ देऊ नये. पुढच्या चौकीवर गरम जेवण आणि दारूगोळा पोहोचल्याशिवाय कोणतीही पलटण लढू शकत नाही, हे मुलांना याच वेळी समजावून सांगावे.

तिसरी पायरी : आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात

यासाठी मोबाइल पुरेसा आहे. पंखा आणि दूरदर्शन संच बंद करावा, फोन त्यांच्याजवळ ठेवावा आणि एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त वेळ घेऊ नये. ‘तुम्ही किती शत्रू मारले?’ हा प्रश्न मुलांच्या ओठांवर असतोच. तो विचारायचा नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे. त्याऐवजी भरतीच्या दिवशी मैदानावर काय काय झाले, घरून निघताना आईने काय बांधून दिले, लंगरमध्ये (पलटणीच्या भोजनगृहात) काय मिळे, पहिला बर्फ कुठे पाहिला, गावचे पत्र किती दिवसांनी येई आणि ते कोण वाचून दाखवी, असे प्रश्न विचारावेत. साध्या प्रश्नांवर माणूस मोकळा होतो आणि मोठ्या गोष्टी त्याच ओघात बाहेर येतात.

याच बैठकीत आजीलाही बसवावे. मनीऑर्डरवर घर चालवणे, एकटीने बाळंतपण, शेती आणि सासू-सासऱ्यांचे आजारपण निभावणे, तार आली की ती उघडण्यापूर्वीची ती दोन मिनिटे. हा सगळा भागही त्या नोकरीचाच आहे. पतीचा सत्कार होत असताना आजी स्वयंपाकघरात चहा करत असेल, तर तो सत्कार अर्धाच राहतो.

चौथी पायरी : पदके जपावीत

पदके बाहेर काढल्यावर ती पीतांबरी किंवा चिंच लावून घासण्याचा मोह आवरावा. पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक आणि नाव कोरलेले असते. वारंवार घासल्याने तीच अक्षरे झिजतात. मऊ, कोरड्या कापडाने पुसणे पुरेसे आहे. प्रत्येक पदकाखाली ते कशासाठी मिळाले, याची चिठ्ठी लावावी. १९६५ च्या युद्धाशी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ च्या युद्धाशी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, तर कारगिलशी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल ही नावे निगडित आहेत. पदकांची छायाचित्रे जरूर काढावीत. मात्र सैनिक क्रमांक, पेन्शनचे कागद किंवा डिस्चार्ज बुकाची पाने समाजमाध्यमांवर टाकू नयेत, कारण निवृत्तिवेतनधारकांना फसवणाऱ्यांना नेमकी हीच माहिती हवी असते.

पाचवी पायरी : वर्षातले दिवस आणि भेटी ठरवाव्यात

भारतीय लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती फील्ड मार्शल करिअप्पा १४ जानेवारी १९५३ रोजी निवृत्त झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ १४ जानेवारी हा सशस्त्र दलांचा माजी सैनिक दिन म्हणून पाळला जातो. संक्रांत बहुधा त्याच दिवशी येत असल्याने मराठी घरांना वेगळा समारंभ उभा करावा लागत नाही. तिळगूळ द्यायला जाताना पहिले घर गावातल्या सर्वांत वयस्कर माजी सैनिकाचे ठेवावे आणि मुलांना सोबत न्यावे. ज्या घरात मराठा रेजिमेंटचा माणूस आहे, तिथे ४ फेब्रुवारी विसरू नये. १६७० मध्ये सिंहगड सर केल्याच्या स्मरणार्थ रेजिमेंट तो दिवस मराठा दिन म्हणून पाळते. कारगिल विजय दिन २६ जुलैला आणि १९७१ च्या युद्धाचा विजय दिन १६ डिसेंबरला असतो.

भेटीसाठी पुण्यातील दक्षिण कमांडचे युद्धस्मारक आणि अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय ही ठिकाणे मुलांना आवडतात, विशेषतः रणगाड्याजवळ उभे राहून माहिती सांगणारे घरचेच असतील तेव्हा. गुडघे दुखत असतील तर चाकांची खुर्ची सोबत घ्यावी आणि उन्हाची वेळ टाळावी. खडकीला मणक्याच्या दुखापतीमुळे चालता न येणाऱ्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. तिथे आगाऊ परवानगी घेऊनच जावे. जाण्यापूर्वी मुलांना मुरलीकांत पेटकरांची हकिकत सांगावी. सांगली जिल्ह्यातल्या या जवानाने १९६५ च्या युद्धात गोळ्या झेलल्या आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. मुले तिथे दयेच्या नजरेने न जाता आदराने जातील, एवढी काळजी पालकांनी घ्यावी.

सहावी पायरी : कागदपत्रांची कामे वाटून घ्यावीत

या पायरीवर छायाचित्र काढण्यासारखे काही नाही, तरी मी हिला सर्वांत वरचे स्थान देईन. सर्वप्रथम डिस्चार्ज बुक, पेन्शन पेमेंट ऑर्डर, आधार आणि बँक पासबुक शेजारी शेजारी ठेवून पत्नीचे नाव आणि जन्मतारीख अक्षरशः ताडून पाहावी. एका कागदावर ‘सुमन’, दुसऱ्यावर ‘सुमनबाई’ आणि तिसऱ्यावर माहेरचे नाव, असे जुन्या नोंदींत सर्रास आढळते. ही तफावत पतीच्या हयातीत दुरुस्त झाली नाही, तर पुढे कुटुंब निवृत्तिवेतन अडकते आणि त्या वयात त्या बाईला कार्यालयांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. दुरुस्तीचा अर्ज संबंधित रेकॉर्ड ऑफिसकडे (रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडे) जातो आणि तो कसा करायचा, याचे मार्गदर्शन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते.

निवृत्तिवेतन ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर आले असल्यास वार्षिक हयातीची नोंद करून देण्याची जबाबदारी घरातल्या एका तरुणाने नाव घेऊन स्वीकारावी. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत पत्नीचे नाव नोंदले आहे ना, योजनेचा जवळचा दवाखाना (पॉलिक्लिनिक) कोणता, औषधे आणायला कोण जाणार, हेही ठरवून टाकावे. माजी सैनिकांसाठी घरपट्टीतील सवलतीची चौकशी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करावी.

सातवी पायरी : आपल्या घरात माजी सैनिक नसेल तर

जवळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन, गावातल्या वीरपत्नी, वीरमाता किंवा एकट्या राहणाऱ्या माजी सैनिकांना कोणत्या मदतीची गरज आहे, याची चौकशी करावी. बहुधा ती अगदी साधी असते: बँकेत सोबत, दवाखान्यात ने-आण, एखादा अर्ज भरून देणे. गावात पहिल्या महायुद्धाची दगडी पाटी असेल, तर ती मुलांसोबत वाचावी. गावातून किती माणसे गेली आणि त्यांपैकी किती परतली नाहीत, एवढेच अशा पाट्यांवर असते. नावे बहुधा नसतात. ती नावे ज्या घरांना अजून आठवतात, त्यांच्याकडून लिहून घेऊन ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या दप्तरी ठेवावीत.

सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून ७ डिसेंबरला पाळला जातो. लाल, गडद निळा आणि फिका निळा हे त्या छोट्या ध्वजाचे रंग तीन सेनादलांचे आहेत, हे सांगून मुलांच्या हाताने निधी द्यावा, आणि तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जमा करून पावती घ्यावी.