शस्त्र परवाना आता पाच वर्षांचा: मुदत कशी तपासायची, नूतनीकरण कसे करायचे

आधी परवान्याची पुस्तिका बाहेर काढा आणि मुदत लिहिलेलं पान उघडा. शस्त्र अधिनियम, 1959 मधली दुरुस्ती 14 डिसेंबर 2019 पासून लागू झाली आणि परवान्याची मुदत 3 वर्षांवरून 5 वर्षांवर गेली. पण 'पाच म्हणजे पाच' असा हिशेब मनाशी करू नका. परवाना देणारा अधिकारी लेखी कारण नोंदवून कमी मुदतही देऊ शकतो. तुमच्या पुस्तिकेवरची तारीख तीच खरी.

ही तारीख संपण्याच्या किमान 60 दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज जायला हवा. मी म्हणेन, चार महिने आधीच मागे लागा. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत पोलीस आयुक्तालयाकडे जायचं, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात. पुस्तिकेवर यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय नोंदणीतला क्रमांक, आहे ना तेही तेव्हाच बघून घ्या. तो नसलेला परवाना वैध धरत नाहीत.

कागदांबरोबर शस्त्रही न्यावं लागतं, हे पुष्कळदा विसरलं जातं. परवाना दिल्यापासून किंवा त्याचं नूतनीकरण झाल्यापासून दर पाच वर्षांनी परवाना, शस्त्र आणि संबंधित कागद अधिकाऱ्यापुढे हजर करणं दुरुस्तीनंतर बंधनकारक आहे. नेताना 2016 चे शस्त्र नियम पाळा: पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात. पीक राखायची बंदूकही गवसणीत घालूनच न्या. उघडी खांद्यावर टाकून एसटीत चढायचं नाही. आणि हो, काडतूस काढलंय का, हे घरातून निघण्याआधी दोनदा बघा.

निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र ठाण्यात जमा केलं असेल, तरी परवान्याची मुदत थांबत नाही. शस्त्र ठाण्यात आहे म्हणून निर्धास्त राहिलात, तर तारीख गुपचूप उलटून जाते.

याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडे असू शकणाऱ्या बंदुकांची संख्या 3 वरून 2 केली. वारशाने आलेली आजोबांची बंदूकही त्या दोनातच मोजतात. रायफल क्लबचे सदस्य आणि परवानाधारक विक्रेते यांना वेगळी सवलत आहे.

आणि तारीख उलटूनच गेली असेल तर? घरात तेच शस्त्र, त्याच कपाटात, पण आता बेकायदा. कलम 25 खाली विनापरवाना बंदूक बाळगल्याबद्दल 2 ते 5 वर्षांची कैद आहे. म्हणून 'उद्या बघू' म्हणू नका. कलम 21 प्रमाणे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे शस्त्र आणि काडतुसं जमा करा. जमा केल्याची पावती घ्या, तिच्यावर शस्त्राचा क्रमांक नीट लिहिलाय का ते तिथेच वाचा आणि मग नूतनीकरणाच्या मागे लागा.