ब्लू स्क्रीन आली? चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका

विंडोजवर ब्लू स्क्रीन, म्हणजे मशीन अचानक थांबवणारी एरर स्क्रीन, आली की पहिला सल्ला ठरलेला: फॉरमॅट मार. यात पुरावा तेवढा जातो. भांडण दोन ड्रायव्हरांचं (हार्डवेअर किंवा अँटीव्हायरससाठी विंडोजच्या आत चालणारे छोटे प्रोग्राम) असेल, तर नव्या विंडोजवर तेच दोघे पुन्हा बसवल्यावर ते पुन्हा भांडणारच.

पुरावा म्हणजे डंप, क्रॅशच्या क्षणी मेमरीत काय होतं त्याची नोंद. क्रॅश होताना कर्नल (विंडोजचा गाभा) तो आधी पेजफाइलमध्ये (रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली फाइल) लिहितो आणि पुढच्या बूटला त्याची फाइल विंडोजच्या मिनिडंप फोल्डरमध्ये येते. म्हणून एसएसडीवरची जागा वाचवायला पेजफाइल बंद केली असेल, तर सहसा हाती काहीच लागत नाही. ब्लू स्क्रीनवरचे टक्के पूर्ण होण्याआधी पॉवर बटण दाबलं तरी तीच गत.

सगळ्यात जास्त फसगत डंप वाचताना होते. छोटी फुकट टूल्स बरेचदा ‘एनटीओएसकेआरएनएल’कडे बोट दाखवतात. तो तर खुद्द कर्नल! एखादा ड्रायव्हर दुसऱ्याच्या मेमरीत लिहून मोकळा होतो, आणि नंतर ती मेमरी वापरायला गेलेला बिचारा पडतो. नाव येतं पडणाऱ्याचं. त्यापेक्षा विनडीबीजीमध्ये (डंप वाचायचं मायक्रोसॉफ्टचं टूल) डंप उघडा, ‘!ॲनालाइझ -व्ही’ चालवा आणि स्टॅक (पडण्याआधी कोणी कोणाला बोलावलं त्याची यादी) शेवटपर्यंत वाचा. मायक्रोसॉफ्टबाहेरची एखादी सिस फाइल, म्हणजे ड्रायव्हर, मध्येच दिसली, तर तिची तारीख बघा. एका डंपवर निकाल देऊ नका. दर वेळी नवंच नाव येत असेल, तर ड्रायव्हर सोडा, आधी रॅम तपासा.

दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवणं तर हमखास दुखणं. दोघांचे फिल्टर ड्रायव्हर प्रत्येक फाइलच्या वाटेत बसतात. एकाने तपासायला फाइल उघडली की दुसरा तीच तपासायला धावतो. ही धावाधाव कर्नलच्या स्टॅकवर (इथे, कामापुरती तात्पुरती मेमरी) साठत जाते, आणि ६४-बिट विंडोजवर तो जेमतेम २४ केबी. तो संपला की ७एफ कोडची ब्लू स्क्रीन, आणि डंपमध्ये कोडसोबतचा पहिला पॅरामीटर ८. अनइन्स्टॉल केल्यावरही फिल्टर मागे राहू शकतो. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर ‘एफएलटीएमसी’ (चालू फिल्टरांची यादी देणारी कमांड) चालवून खात्री करा आणि उरलेला काढायला त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल वापरा.

ड्रायव्हर व्हेरिफायर, म्हणजे ड्रायव्हरांची कडक तपासणी घेणारं विंडोजचंच टूल, कामाचा, पण सरसकट सगळे ड्रायव्हर टिक केलेत तर मशीन रांगायला लागेल. संशयित तेवढे निवडा, आधी रीस्टोर पॉइंट घ्या. मग सी४ कोडची ब्लू स्क्रीन आली तर घाबरू नका, चोर सापडला. बूटच होईना, तर सेफ मोडमध्ये ‘व्हेरिफायर /रीसेट’.

ड्रायव्हर बदलल्यावर शटडाउन करून चालत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर कर्नल हायबरनेट होतो, नव्याने सुरू होत नाही. रीस्टार्टच करा.