गेम चालू असताना पीसी बंद पडतो: बोर्डापासून ग्राफिक्स कार्डापर्यंतची तपासणी

गेम सुरू केला, पंधरा-वीस मिनिटं बरा चालला आणि पीसी खटकन बंद. अशा वेळी गावात दोनच सल्ले मिळतात: विंडोज नवीन टाका, नाहीतर नागपूरला घेऊन जा. दोन्ही घाईचे आहेत. वीज, उष्णता किंवा रॅमचा बिघाड विंडोज बदलून जात नाही. आणि दुकानातल्या एसीत, स्थिर लाइनवर तोच पीसी दिवसभर सुरळीत चालतो. मग 'यात काहीच प्रॉब्लेम नाही' एवढं ऐकून माणूस परत येतो. घरी बंद पडणाऱ्या पीसीची पहिली तपासणी घरीच, त्याच विजेच्या बोर्डावर आणि त्याच खोलीत करायची.

बंद पडण्याची तऱ्हा ओळखा

आधी अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्जमधल्या 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'त जाऊन 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढा. नाहीतर निळी स्क्रीन वाचायच्या आत पीसी पुन्हा सुरू होतो.

निळी स्क्रीन न येता, वायर उपसल्यासारखा एकदम बंद झाला तर संशय लाइन, पॉवर सप्लाय (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) किंवा तापमानावर. स्क्रीन काळी पण आवाज चालू, किंवा ग्राफिक्स कार्डाचे पंखे एकदम जोरात फिरू लागले, तर कार्ड, त्याची वायर किंवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर). गेम तेवढा बंद होऊन डेस्कटॉप दिसला तर रॅम, गेमच्या फाइल्स किंवा ड्रायव्हर. चित्र गोठून आवाज घर्रर्र अडकला तर रॅम किंवा प्रोसेसर, क्वचित एसएसडी.

नंतर इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडून 'विंडोज लॉग्ज'मध्ये 'सिस्टीम' बघा. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद दिसेलच. तिचा अर्थ पीसी नीट बंद झाला नाही एवढाच. कारण त्यात नसतं. 'पॉवर सप्लाय गेला' असं त्या एका ओळीवरून ठरवू नका. तिच्या 'डिटेल्स'मध्ये बगचेक कोड (निळ्या स्क्रीनच्या चुकीचा नंबर) ० असेल तर विंडोजला चूक नोंदवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज किंवा उष्णतेकडे बोट. 'डिस्प्ले ४१०१' असेल तर ड्रायव्हर अडकून पुन्हा सुरू झाला. 'व्हीआ-लॉगर' (WHEA-Logger) असेल तर प्रोसेसर, रॅम किंवा मदरबोर्डाचं दुखणं.

लाइन

घरातला पुरवठा २३० व्होल्टचा अपेक्षित आहे. पण रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी सुरू झालं, एकाच डीपीवरच्या मोटरी एकदम चालल्या, की तो बराच खाली येतो. मल्टिमीटर एसीच्या ६०० किंवा ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेवून पीसीच्याच बोर्डात मोजा. दुपारी एकदा, रात्री मोटरी चालू असताना एकदा, आणि गेम चालू असताना एकदा. गेम सुरू होताच त्याच सॉकेटवर दहा-पंधरा व्होल्ट उतरले तर वायरिंग किंवा एक्स्टेन्शन बोर्डात लूज कनेक्शन आहे. पिनवर काळा डाग दिसला तर तो बोर्ड फेकून द्या.

पॉवर सप्लायवरचं लेबल वाचा. '१०० ते २४० व्होल्ट' असेल तर १७०-१८० व्होल्टवरही चांगला सप्लाय काम करतो आणि वेगळ्या स्टॅबिलायझरची गरज नसते. उलट स्वस्त रिलेचा स्टॅबिलायझर टक्-टक् करत टप्पा बदलतो तेव्हाच क्षणभर वीज तुटते. चांगला सप्लाय पूर्ण लोडवर साधारण १६-१७ मिलिसेकंद स्वतःच्या साठ्यावर तग धरतो. स्वस्त सप्लायमध्ये व्होल्टेज उतरलं की हा साठाही झपाट्याने कमी होतो. म्हणून कूलर, मिक्सर किंवा विहिरीची मोटर सुरू होताना पीसी बंद पडतो का, हे मुद्दाम करून बघा.

यूपीएसकडे लोक सर्वांत उशिरा बघतात. ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटपर्यंतच झेपवतो. गेममध्ये पीसी आणि मॉनिटर मिळून ४०० वॅटवर गेले तर लाइन असताना चालतं, लाइन गेली की ओव्हरलोड होऊन सगळंच बंद. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर मागचं बटण 'यूपीएस' मोडवर हवं; दुसऱ्या मोडवर बदलाला जास्त वेळ लागतो. इन्व्हर्टर चौकोनी वेव्हचा असेल तर नवे सप्लाय त्यावर बंद पडू शकतात. गेमिंगसाठी प्युअर साइन वेव्हच घ्या.

अर्थिंगही आत्ताच तपासा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे आकडे जवळपास सारखे हवेत. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थ पोचतच नाही, आणि सप्लायच्या फिल्टरमधून बॉडीवर लाइनच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज दिसतं. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडल्या की अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो, त्यात पाणी सोडत राहा. अर्थ नसल्याने गेम बंद पडेलच असं नाही, यूएसबी मात्र मध्येच तुटते. आणि जिवाचा धोका आहेच.

ऊन, धूळ आणि कापूस

अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. हिशोब सोपा आहे: पंखे तितक्याच वेगात फिरत असतील तर खोली जितकी तापते साधारण तितकाच प्रोसेसरही जास्त तापतो. जानेवारीत २६ अंशांच्या खोलीत ७५ वर असलेला प्रोसेसर ४२ अंशांच्या खोलीत ९१ वर जाईल. हिवाळ्यात पास झालेली टेस्ट उन्हाळ्यात धरू नका.

एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर 'सेन्सर्स ओन्ली'मध्ये उघडा, खालचं लॉगिंगचं बटण दाबा आणि गेम खेळा. पीसी बंद पडल्यावर त्या फाइलची शेवटची ओळ बघा. बहुतेक इंटेल प्रोसेसर १०० अंशांवर आणि एएमडीचे रायझन ९० किंवा ९५ वर स्वतःचा वेग उतरवतात. नुसता वेग उतरला तर गेम अडखळतो. पीसी पूर्ण बंद होणं म्हणजे त्याच्याही पुढची पातळी, किंवा दोष दुसरीकडे. एनव्हिडियाची पुष्कळशी कार्डं ८३ अंशांच्या आसपास स्वतःला रोखतात. त्यांचा हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत गरम जागा) १०० च्या वर जात असेल तर पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) वाळली आहे. एएमडीच्या कार्डात हॉटस्पॉटची मर्यादा ११० असते.

खात्रीसाठी कॅबिनेटची बाजूची प्लेट काढून टेबल फॅन लावा. आता बंद पडत नसेल तर हवा अडली आहे. घरात कापूस साठवला असेल किंवा अंगणात तूर-सोयाबीनचं मळणीयंत्र चाललं असेल तर जाळीत आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पात्यांत तंतू-भुसा भरून नमद्यासारखा थर बसतो, आणि तो वरून दिसत नाही. पंखा सोडवून मागून बघा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका. तिच्यात पाणी आणि तेल असतं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ते मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळतं. नवी पेस्ट मधोमध तुरीच्या दाण्याएवढी. कूलर खोलीत जरूर लावा, पण झोत सरळ कॅबिनेटवर नको. शिंतोड्यांतले क्षार मदरबोर्डावर बसतात.

कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या स्लॉटवर पट्ट्या लावा. तिथून आत गेलेली पाल सप्लायमध्ये शॉर्ट होते, हे तालुक्याच्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याने पाहिलेलं असतं.

सप्लाय की कार्ड?

ही परीक्षा फुकट आहे. ओसीसीटी या लोड देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नुसत्या प्रोसेसरची टेस्ट २० मिनिटं, मग फरमार्क या तशाच सॉफ्टवेअरने नुसत्या कार्डाची १५ मिनिटं, मग दोन्ही एकत्र. वेगवेगळे टिकून एकत्र आले की बंद, म्हणजे सप्लाय. दुसरी खूण: एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचं पॉवर लिमिट ७०-७५ टक्के करा आणि गेम सेकंदाला ६० फ्रेमवर बांधा. यावर पीसी बंद पडायचा थांबला तर ग्राफिक्स सेटिंग बदलत बसू नका, दोष सप्लाय किंवा कार्डाच्या विजेतच आहे.

लोड चालू असताना जुन्या चार पिनांच्या प्लगवर पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये डीसी मोजा. ११.४ ते १२.६ व्होल्टच्या बाहेर आकडा गेला की सप्लाय बाद. सॉफ्टवेअरमधला १२ व्होल्टचा आकडा अनेकदा चुकीचा असतो, त्यावर जाऊ नका. कार्डाला दोन प्लग लागत असतील तर सप्लायपासून दोन वेगळ्या वायरी ओढा, एकाच वायरीची दोन टोकं नकोत. आठ पिनांच्या प्लगमधून १५० वॅट धरलेले असतात. आरटीएक्स ३०६० हे १७० वॅटचं कार्ड आहे आणि एनव्हिडिया त्याला ५५० वॅटचा सप्लाय सांगते. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या सप्लायवर ५०० लिहिलेलं असलं तरी तो त्यातला नाही. सप्लाय स्वतः खोलू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

रॅम, ड्रायव्हर, प्रोसेसर

रॅम काढा, सोनेरी पट्टी खोडरबरने हलकेच पुसा, प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. बायोसमधलं (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमधलं) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वाढीव वेग, बंद करून खेळा. बंद पडणं थांबलं तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या एकत्र लावल्या आहेत का ते बघा. मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचे चारही फेरे रात्रभर चालवा. एकही चूक चालत नाही. चूक आली की एकेक पट्टी वेगळी तपासा.

ड्रायव्हर आधी पूर्ण डाउनलोड करून ठेवा, मग नेट बंद करून सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने जुना काढा. गेमच्या फाइल्ससाठी स्टीममधलं 'व्हेरिफाय' वापरा. ते बिघडलेला भागच उतरवतं, त्यामुळे मोबाइल डेटावर अख्खा गेम पुन्हा घ्यावा लागत नाही.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतला जास्त वॅटचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल आणि 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश कार्डात जागा असूनही येत असेल, तर शंका प्रोसेसरवर घ्या. जास्त व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर खराब होत असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, बायोसमधून येणारा दुरुस्तीचा मायक्रोकोड ०एक्स१२९ आणि मग ०एक्स१२बी दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस अपडेट कराच, पण एकदा बिघडलेला प्रोसेसर अपडेटने सुधारत नाही. तो बदलूनच घ्यावा लागतो. अपडेट करताना लाइन जाणार नाही अशी वेळ निवडा.

इतकं करून शहरात न्यावंच लागलं तर जड ग्राफिक्स कार्ड आधी काढून वेगळ्या खोक्यात ठेवा; एसटीच्या हादऱ्यांत त्याच्या वजनाने मदरबोर्डावरची खाच तुटते. लॉगची फाइल पेन ड्राइव्हवर, मोजलेली व्होल्टेजं वेळेसह कागदावर, आणि बिलाचा व सीरियल नंबरचा फोटो सोबत घ्या.