गोळी थुंकणारा बोका

सर्दीने नाक चोंदलं आणि आमच्या बोक्याने खाणंच सोडलं. डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी दुधात कालवली, तर वास घेऊन पठ्ठ्या चालता झाला. बरंच झालं म्हणा, दुधाबरोबर ते औषध नीट लागू पडत नाही.

मग जुन्या टॉवेलात मानेपर्यंत गुंडाळला, गोळी जिभेच्या मुळाशी ठेवली आणि बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या फटीतून थोडं थोडं करत 5-6 मिली पाणी सोडलं. ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर जखम करते. समोरून पिचकारी मारू नका, ठसका लागतो.

नाक ओल्या कापसाने पुसून चिकनचं कोमट पाणी पुढे ठेवलं, कांदा-लसूण न घातलेलं. वास लागला आणि लपलप सुरू! हातावरचे ओरखडे मात्र अजून आहेत.