गाडी लावा आणि तासभर चाला: सातारा-सांगली पट्ट्यातल्या ड्रायव्हर भावांसाठी

मी विट्याकडचा, सोळा वर्षं झाली गाडीवर, आधी दहा टायर होती आता चौदा टायर आहे, लाईन मुंबई-बेंगलोर. दोन वर्षांमागं संध्याकाळ झाली की पाय सुजायला लागले, तपासलं तर शुगर निघाली आणि डॉक्टर म्हणाले रोज चालत जा. म्हटलं साहेब मी रोज वेगळ्या गावात असतो, चालू कुठं? पण नंतर नीट बघितलं तर वेळ आपल्याकडं असतोच, लोडिंगला नंबर लागेपर्यंत चार तास, शहरात नो एंट्री सुटेपर्यंत तीन तास, आणि तो सगळा आपण केबिनमध्ये मोबाईल बघत काढतो. तोच तास चालण्यात घालवायचा, एवढंच आहे.

पण सगळ्यात आधी गाडीचं बघा. कार-बाईकवाला आधी गड ठरवतो मग पार्किंग शोधतो, आपलं उलटं, आधी गाडी कुठं सेफ राहील ते ठरवायचं आणि तिथनं पायी किंवा रिक्षानं जे जवळ असेल तिथं जायचं. हायवेच्या कडेला पट्टीवर गाडी लावून अजिबात जाऊ नका, मागनं येऊन ठोकल्याचे किती प्रकार आपण स्वतः बघितलेत. ओळखीचा ढाबा नाहीतर जिथं डिझेल टाकता तो पंप, मालकाला सांगून, शक्यतो कॅमेऱ्यासमोर. माझं एकदा एका ढाब्यावर रात्रीत डिझेल काढून नेलं, तवापासनं टाकीला कुलुपाचं झाकण आहे आणि क्लिनरला एकट्याला झोपवून मी जात नाही, एकजण जागा राहणार दुसरा चालणार, मग बदली. टायरला दगड लावायचा, कागदपत्रं आणि पैसे अंगावर घ्यायचे. आणि जीपीएसवर गाडी उभी दिसली की शेठचा फोन येतोच, म्हणून आधीच सांगून ठेवा की एवढ्या वाजेपर्यंत थांबलोय. कायद्यानं पण विश्रांती मानलेली आहे, १९६१ चा मोटार वाहतूक कामगारांचा कायदा होता (२०२५ मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली) त्यात सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती लिहिली होती.

रात्रभर गाडी चालवली असेल तर मात्र आधी झोपा. चालण्यानं झोप भरून निघत नाही, उलट दमून परत स्टेअरिंगवर बसलात तर डोळा लागायची भीती.

आता वाटा. पुण्याकडनं येताना आनेवाडी टोल सोडला की सातारच्या अलीकडं लिंब फाटा लागतो. चढ नको असेल, गुडघा दुखत असेल तर ही वाट घ्या, फाट्यापासनं दोन-तीन किलोमीटर, सपाट, आजूबाजूला ऊस, आणि शेवटी बारा मोटेची विहीर. शिलालेखात शके १६४१ ते १६४६ दिलंय म्हणजे साधारण १७१९ ते १७२४, वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतलेली. खोली ११० फूट, रुंदी ५० फूट सांगतात, एकावेळी बारा मोटा चालायच्या, आणि विहिरीतच मधे छोटा महाल आहे, दगडी जिना उतरून आत गेलं की भर उन्हाळ्यात पण गार लागतं. काठावर वाकून फोटो काढू नका एवढंच.

साताऱ्यात अजिंक्यतारा आहे पण तिथं गाडी न्यायचा विचारच नको, बॉम्बे रेस्टॉरंट चौकाच्या बाहेर कुठंतरी गाडी लावून रिक्षानं गोडोलीपर्यंत जा आणि डांबरी रस्त्यानं वर चाला. पहाटे सातारकर चालायला येतात त्यामुळं सोबत मिळते, एकट्याला अनोळखी वाटत नाही. औरंगजेबानं हा किल्ला १७०० मध्ये घेऊन आझमतारा नाव ठेवलं होतं, ताराराणींनी परत घेतला आणि अजिंक्यतारा झाला.

आता माझी सगळ्यात आवडती, वसंतगड. तासवडे टोल सगळ्यांना माहीत आहे, तिथं टोलच्या रांगेत उभं राहून किती वेळा तो सपाट माथ्याचा डोंगर बघितला असेल पण तो गड आहे हे मला दहा वर्षं माहीत नव्हतं. तासवडे एमआयडीसीत माल खाली करायला नंबर लावला असेल तर हीच संधी, गाडी आत उभी असते, क्लिनर जवळ असतो, तुम्ही तळबीडला जा. तळबीड म्हणजे सरसेनापती हंबीरराव मोहिते यांचं गाव, ताराराणी त्यांचीच मुलगी, गावात हंबीररावांचं स्मारक आहे, पाया पडून पुढं निघायचं. गावातनं वर चढायला मला पहिल्यांदा सव्वा तास लागला, आता पाऊण तासात जातो. महाराजांनी हा गड १६५९ मध्ये घेतला, आणि १६९९ ला औरंगजेब साताऱ्यावर जायच्या आधी इथं आला. वर चंद्रसेन महाराजांचं जुनं मंदिर आहे, दोन तळी आहेत, एकाला कृष्णा म्हणतात एकाला कोयना. तटावर बसलं की खाली हायवे दिसतो, आपल्यासारख्या गाड्या मुंगीसारख्या चाललेल्या, कराडकडं नदीचा पट्टा, आणि वारा असा की घाम दोन मिनिटात वाळतो. मी तिथं एकदा भाकरी-ठेचा खात अर्धा तास नुसता बसलो होतो, हॉर्नचा आवाज नाही काही नाही, बरेच महिने तसं शांत वाटलं नव्हतं.

चढायच्या आधी एक काम करा, केबिनमधनं उतरून लगेच चढायला लागू नका. सात-आठ तास एकाच अवस्थेत बसल्यावर पाय आखडलेले असतात, त्यात क्लचचा डावा पाय जास्तच. गाडीभोवती आठ-दहा फेऱ्या मारा, पोटऱ्या ताणा, मग निघा. आणि चपलेवर जाऊ नका, साधे कापडी बूट घेऊन सीटमागं टाकून ठेवा, माझे तसेच असतात. पोटभर मिसळ हाणून पण चढू नका, जेवण खाली आल्यावर. शुगरची गोळी चालू असेल तर खिशात गूळ किंवा बिस्कीट पाहिजेच. छातीत दुखलं, दम जास्तच लागला तर तिथनंच परत, वर जायची सक्ती कुणाची नाही.

कराडला थांबलात तर दोन गोष्टी आहेत. एक प्रीतिसंगम, कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, तिथं बाग आहे, यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, संध्याकाळी सपाट फिरायला चांगली जागा. दुसरी आगाशिव डोंगर, जखिणवाडीच्या बाजूनं, तिथं जुनी बौद्ध लेणी आहेत, डोंगरात कोरलेल्या साध्या खोल्या, वर आगाशिवाचं देऊळ. लेण्यांत मोहोळ दिसलं तर विडी-सिगारेट पेटवू नका, आवाज करू नका, मधमाशा उठल्या तर पळायला जागा नसते. मलकापूरला गर्दी फार, गाडी तिथं अडकवू नका, गावाबाहेर लावून रिक्षा करा.

खाली सांगलीकडं, मार्केट यार्डात हळदीच्या लोडिंगला थांबलेल्यांनी रिक्षानं आमराई गाठावी, झाडाखाली चार फेऱ्या मारल्या तरी पुष्कळ. नाहीतर पहाटे कृष्णाकाठ, आयर्विन पूल १९२९ चा, घाटावर थंड हवा असते. उसाच्या सीझनमध्ये ताकारी-देवराष्ट्रे साइडला असाल तर सागरेश्वर अभयारण्य चुकवू नका. ते जंगल माणसांनी लावून वाढवलंय, वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य घातलं, आज हरणं दिसतात. तिकीट असतं, आणि आत ओरडायचं नाही, प्लास्टिक टाकायचं नाही.

मिरज-पंढरपूर रोडवर भोसे गावाजवळ दंडोबाचा डोंगर, वनखात्याचं जंगल, दगडात कोरलेलं देऊळ, कुपवाड-मिरज एमआयडीसीतनं माल घेऊन सोलापूरकडं जाणाऱ्यांना वाटेतच पडतं. एप्रिल-मे मध्ये सहाच्या आत चढायला लागा, नऊनंतर दगड तापतात. पावसाळ्यात गवतातनं आणि उसाच्या बांधावरनं चालताना काठी आपटत जा, आपल्या भागात घोणस पुष्कळ. पाणी खालूनच भरून न्या, दोन लिटरची बाटली माणशी एक.