परदेशी भागीदारीची मेल आली? आधी पैसा कुणाच्या खात्यात येणार ते विचारा

परदेशातल्या एखाद्या युवा संस्थेकडून ‘आमच्या प्रकल्पात भागीदार व्हाल का?’ अशी मेल आली की अंगावर मूठभर मांस चढतं. चढू द्या. इंदूरच्या वस्त्यांमधून फिरून अठरा वर्षांच्या पोरांचे मतदार नोंदणीचे फॉर्म ६ भरून घेणाऱ्या गटाची दखल कुणी दूरवरून घेतली, ही छोटी गोष्ट नाही. फक्त होकार कळवायला दोन दिवस थांबा.

अशा मेल बहुतेक इरास्मस प्लसच्या असतात, म्हणजे शिक्षण आणि युवा कामाला पैसा देणाऱ्या युरोपीय संघाच्या कार्यक्रमाच्या. लोकशाहीतला सहभाग आणि समावेशन हे त्याच्या २०२१-२७ च्या चार प्राधान्यांपैकी दोन आहेत, म्हणून आपल्यासारख्या गटांना विचारणा होते. त्यातल्या ‘सहकार्य भागीदारी’ या प्रकारच्या अनुदानात रक्कम ठोक असते: १,२०,०००, २,५०,००० किंवा ४,००,००० युरो. अर्ज युरोपीय संघातल्या किंवा कार्यक्रमाशी जोडलेल्या किमान तीन देशांतल्या तीन संस्थांनी मिळून करायचा. भारतीय संस्था प्रमुख अर्जदार होऊ शकत नाही. ती भागीदार होते, तेही तिच्यामुळे प्रकल्पात काहीतरी अत्यावश्यक भर पडते हे दाखवलं तरच. तेव्हा तुम्ही असं काय करता जे त्यांना जमणार नाही, ते अर्जात तुमच्या शब्दांत जाऊ द्या.

आता मुख्य गोष्ट, आणि ती मी लांबवून सांगणार आहे. परदेशी निधी म्हणजे एफसीआरए, परदेशी देणग्यांचं नियमन करणारा कायदा, एवढं सगळ्यांना माहीत असतं. त्याचं कलम ७ मात्र फार थोडे वाचतात. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीपूर्वी एफसीआरए नोंदणी असलेली मोठी संस्था काही अटी पाळून आलेला निधी दुसऱ्या संस्थेला देऊ शकत होती. आता तो पुढे देताच येत नाही. समोरच्या संस्थेकडे स्वतःची एफसीआरए नोंदणी असली तरीही नाही. ‘उपभागीदार’, ‘स्थानिक सहयोगी’, करारात काहीही नाव द्या, उत्तर तेच.

आम्हाला दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या संस्थेने सांगितलं होतं की पैसा आमच्याकडे येईल, तुमचा वाटा तुम्हाला पाठवू. माणसं खरोखर चांगली होती, जुन्या पद्धतीने विचार करत होती. अर्ज मंजूर झाला, मुलांना सांगून झालं, दोन मुलींनी घरून परवानगीही मिळवली. त्यानंतर त्या संस्थेच्या सीएने फाइल उघडली. पुढच्या रविवारी मुलांसमोर उभं राहणं मला अजून आठवतं, आणि अजून राग येतो.

अशा वेळी शॉर्टकट सुचवणारे लगेच भेटतात. ‘सल्ला शुल्क म्हणून बिल फाडा’, ‘कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर मागवा’, ‘त्यांचा माणूस इथे येऊन रुपयांत देईल’. यातलं काहीही करू नका. पैसा रुपयांत दिला म्हणून त्याचा स्रोत बदलत नाही. परदेशी नागरिकाने इंदुरात बसून दिलेले रुपयेही परदेशी निधीच.

मग मार्ग आहे का? आहे. नोंदणी असलेली संस्था स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हिशेबात हॉलचं भाडं, बस, जेवण यांचा खर्च करू शकते आणि काम तुमच्या वस्तीत होऊ शकतं. पण मग कार्यक्रम कोण ठरवणार? रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी सहभागाची जी शिडी मांडली, तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलंच नाही. मुलांना वापरून घेणं, शोभेला बसवणं आणि नावापुरतं बोलवणं, या त्या तीन. पैसा दुसऱ्याच्या खात्यात असला की गट हळूहळू तिथेच घसरतो. म्हणून विषय कोण निवडणार आणि मुलं कोण निवडणार, हे लेखी घ्या.

स्वतःची नोंदणी हवी असेल तर संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च झालेला हवा. नव्यांसाठी पूर्वपरवानगी असते: ठरावीक देणगीदार, ठरावीक रक्कम, ठरावीक काम. परदेशी निधीचं खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच लागतं, पण त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही, घाबरू नका. राजकीय पक्षाच्या युवा मंचाशी मात्र संस्थेचं नातं दिसता कामा नये. पार्षदाला, म्हणजे नगरसेवकाला, प्रश्न विचारणं वेगळं, त्याच्या प्रचाराला मुलं पाठवणं वेगळं.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत ठाम आहे. परिषदांचे फोटो दाखवणाऱ्यापेक्षा ज्याने दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आत एफसी-४, म्हणजे परदेशी निधीचं वार्षिक विवरण, भरलंय, तो गाठा. टक्केवारीवर अर्ज लिहून देणाऱ्यांना दारात उभं करू नका.

पैसा नसला तरी सहयोगी भागीदार होता येतं. त्यात तुम्हाला निधी मिळत नाही, पण कामात तुम्ही असता. आम्ही शेवटी तेच केलं, आणि समावेशन म्हणजे काय ते मला घड्याळाने शिकवलं. जर्मनीतल्या भागीदारांची दुपारी दोनची बैठक हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला येते. तेव्हा आमच्या निम्म्या मुली स्वयंपाकाला लागलेल्या, आणि पडद्यावर उरायची ती इंग्रजी शाळेतली, स्वतःचा लॅपटॉप असलेली मुलं. बैठक त्यांच्या सकाळी दहाला घ्या म्हटलं, दुभाषा ठेवला, आणि कधी तोंड न उघडणारी एक मुलगी जर्मन मुलांना सांगायला लागली की पार्षदाची वेळ घ्यावी लागत नाही, सकाळी पाण्याच्या टँकरपाशी तो हमखास सापडतो. त्यांनी तिला त्यावर प्रश्नांवर प्रश्न विचारले.

मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात. तेव्हा बैठकीची वेळ पुन्हा लिहून कळवा. आणि गट अजून नोंदलेला नसेल तर मध्य प्रदेशच्या १९७३ च्या सोसायटी कायद्याखाली नोंदवून टाका. उलाढाल दहा-वीस हजारांची असली तरी पहिल्या वर्षापासून हिशेब ऑडिट करून ठेवा.